स्वतःचं शरीर आपल्याला कसं दिसतं, हे मोजतात तरी कसं?

ब्लाऊज शिवायला टाकला की टेलर गळ्यातली टेप काढतो, छाती ३८, कंबर ३४, दंडघेर १२, असं पुटपुटत वहीत लिहितो, मग मागचं पान उलटून बघतो आणि म्हणतो, "मॅडम, दिवाळीपेक्षा दोन इंच वाढलंय हां." ते दोन इंच वहीत गेले. पण ते ऐकून आपण तिथल्या तिथे पोट आत ओढून घेतो, घरी जाताना कोपऱ्यावरचा वडापाव टाळतो, आणि रात्री सगळे झोपले की कपाटाच्या आरशासमोर एकदा समोरून, एकदा बाजूने बघत उभं राहतो, त्याची नोंद कुठल्या वहीत होते?

होते, पण ती वही मानसशास्त्रवाल्यांची. गेली सत्तर वर्षं तरी लोक हे मोजायच्या मागे आहेत आणि ते कसं मोजतात हे समजलं की आपल्या डोक्यात काय चालतं तेही बरंच समजतं, निदान मला तरी समजलं. मी डॉक्टर नाही, भाषांतरं करते. औषधांची पत्रकं, फॉर्म, अशी कामं असतात, त्यातच एका अभ्यासासाठी अशी एक प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत करायला आली आणि तेव्हापासून हा विषय काही डोक्यातून जात नाही.

आधी एक गोष्ट नीट वेगळी करून घेऊया. पॉल शिल्डर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९३५ मध्येच म्हटलं होतं की बॉडी इमेज म्हणजे आपल्या शरीराचं आपल्या मनात तयार झालेलं चित्र. आता या चित्राचे दोन भाग असतात. एक म्हणजे मी मला केवढी दिसते, आणि दुसरा म्हणजे जशी दिसते त्याबद्दल मला काय वाटतं. हे दोन्ही एकत्र चालतात असं आपण धरून चालतो पण तसं नसतं. एखादीला स्वतःचं माप अगदी बरोबर माहीत असतं आणि तरी ती त्याच्यावर रोज रडते, आणि दुसरी स्वतःला आहे त्यापेक्षा जाड समजते पण तिला त्याचं काहीच वाटत नाही, मजेत असते. म्हणून मोजणारे या दोन्हीसाठी वेगवेगळी साधनं वापरतात.

पहिल्या भागाचं, म्हणजे दिसण्याचं, गाजलेलं काम १९७३ चं, स्लेड आणि रसेल या दोघांचं. अंधाऱ्या खोलीत एका आडव्या दांड्यावर दोन दिवे, ते जवळ-लांब सरकवता येतात. समोरच्या बाईने सांगायचं, हं, आता यांच्यातलं अंतर माझ्या कमरेएवढं झालं, आता नितंबांएवढं झालं. मग खरं माप घ्यायचं आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. ॲनोरेक्सियाच्या रुग्ण मुली, म्हणजे ज्या उपाशी राहून राहून हाडं दिसेपर्यंत वाळलेल्या असतात, त्या स्वतःला खऱ्यापेक्षा बऱ्याच रुंद सांगत होत्या, पण बाहेरच्या वस्तूचं माप मात्र नीट सांगत होत्या. म्हणजे नजर चांगली होती, ती स्वतःवर आली की चुकत होती. त्यानंतर बरेच अभ्यास झाले आणि त्यांत असं दिसायला लागलं की कुठलाही आजार नसलेल्या बायकाही स्वतःला वाढवून सांगतात, त्यामुळे नुसती ही चूक म्हणजे आजार असं म्हणणं मागे पडलं.

याचा घरगुती प्रकार करून बघता येतो, मी रविवारी केला. सलवारीची नाडी घेतली आणि आई, वहिनी आणि मी, तिघींनी आळीपाळीने जमिनीवर तिचा गोल केला, आपली कंबर त्यात बरोबर मावेल एवढा. मग तीच नाडी तिथे धरून कमरेला गुंडाळायची. वहिनी आमच्यात सगळ्यात बारीक आणि तिचीच नाडी वीतभर उरली, तिने दोनदा परत करून बघितलं, मग गप्प झाली. माझी चार बोटं उरली. आईची जेमतेम अर्धा इंच. चाळीस वर्षं स्वतःचे परकर स्वतः शिवणारी बाई आहे ती, तिच्या हाताला ते माप पाठ आहे! हा काही प्रयोगशाळेतला प्रयोग नाही, कंबर गोल नसतेच, चपटी असते, त्यामुळे जमिनीवरचा गोल सगळ्यांनाच थोडा फसवतो, तेव्हा कुणी हे करून घाबरून जाऊ नका. पण वहिनीचा जो चेहरा झाला तो बघून मला या विषयाचं महत्त्व जेवढं कळलं तेवढं वाचून कळलं नव्हतं.

आणि वहिनीचं जे झालं त्याचं कारण संशोधकांनी शोधलंय. बारीक बायका स्वतःला जरा जाड समजतात आणि जाड बायका स्वतःला जरा बारीक समजतात असं बऱ्याचदा दिसतं, कारण अंदाज लावताना मेंदू रोज डोळ्यांसमोर असलेल्या मधल्या मापाकडे ओढला जातो. आता रोज डोळ्यांसमोर काय आहे यावर ते मधलं माप ठरणार. सतत बारीक शरीरांचे फोटो बघितले की थोड्या वेळाने साधं, मध्यम शरीरसुद्धा डोळ्याला जाड वाटायला लागतं, हे प्रयोगांत दाखवलेलं आहे. पूर्वी डोळ्यांसमोर चाळीतल्या वीस बायका असायच्या, वेगवेगळ्या बांध्याच्या, नळावर, गच्चीवर, आता तासन् तास फोन असतो.

आता दुसरा भाग, नाराजीचा. याचं फार वापरलं गेलेलं एक साधन म्हणजे नऊ चित्रं. स्टंकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांच्या अभ्यासासाठी ती वापरली, लठ्ठपणा आणि बारीकपणा रक्तातून येतो का हे बघायला. ओळीने नऊ बायका, पहिली अगदी काडी, नववी खूप जाड. (पुरुषांची वेगळी नऊ आहेत.) विचारायचं, तुम्ही आत्ता यातल्या कुठल्या? मग विचारायचं, तुम्हाला कुठली व्हायला आवडेल? पहिलीचं उत्तर ६ आणि दुसरीचं ४, तर नाराजी २. इतकं सोपं, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही बोट ठेवता येतं.

याच चित्रांवर फॅलन आणि रोझिन यांनी १९८५ मध्ये कॉलेजच्या मुलामुलींचा अभ्यास केला. मुलांचं आत्ताचं बोट आणि हवंसं बोट जवळजवळ एकाच जागी. मुलींचं मात्र नाही, त्यांना आहे त्यापेक्षा बरंच बारीक व्हायचं होतं. आणि पुढची गोष्ट मला फार लागली. मुलींना विचारलं, मुलांना कुठली आवडत असेल? त्यांनी जे चित्र दाखवलं ते मुलांनी स्वतः दाखवलेल्या चित्रापेक्षा बारीक होतं. म्हणजे ज्यांच्यासाठी एवढा जीव टाकायचा त्यांची आवडही आपण आपल्याच मनाने ठरवलेली, आणि ती खऱ्यापेक्षा कडक!

पण या चित्रांमध्ये एक खड्डा आहे आणि आपल्याकडे तर तो मोठाच आहे. समजा चौघी जणींना विचारलं. दोघींना दोन चित्रं बारीक व्हायचंय, तर त्यांचे अधिक २, अधिक २. आणि दोघींना दोन चित्रं अंगाने भरायचंय, लोक काटकुळी म्हणतात म्हणून, त्यांचे उणे २, उणे २. सरासरी काढली तर शून्य. रिपोर्टमध्ये लिहिणार, बायका समाधानी! चौघीही नाराज असताना. म्हणून शहाणा संशोधक आधी अधिक-उणे चिन्ह काढून फरक किती तेवढं बघतो आणि मग कोण कुठल्या बाजूला आहे ते वेगळं सांगतो. आपल्याकडे हे का महत्त्वाचं, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, जे आपल्या देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था करते, त्याच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये २४ टक्के जणींचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २५ किंवा त्याच्या वर, म्हणजे वजन जास्त होतं, आणि १८.७ टक्के जणींचा १८.५ च्या खाली, म्हणजे वजन कमी. दोन्ही टोकं एकाच देशात, मुंबईत तर एकाच बिल्डिंगमध्ये, वर मालकीण डाएटवर आणि तिच्याकडे भांडी घासणाऱ्या ताईंना डॉक्टर सांगतायत वजन वाढवा. नाराजी म्हणजे बारीक व्हायची इच्छा, असं धरून चाललं तर त्या ताई मोजणीत येतच नाहीत.

आणि हा बीएमआय, वजन भागिले उंचीचा वर्ग, तो फक्त शरीराचा आकडा आहे, टेलरच्या टेपसारखाच. त्यावरून नाराजी काढता येत नाही. बीएमआय अगदी ठीक असलेल्या किती जणी मी बघितल्यात ज्या समुद्रावर गेल्या तरी ओढणी काढत नाहीत.

चित्रांनंतर प्रश्नावल्या. १९५३ मध्ये सेकॉर्ड आणि जुरार्ड यांनी शरीराच्या एकेका भागाची यादी देऊन विचारलं, नाक, केस, खांदे, कंबर, प्रत्येकाला १ ते ५ गुण द्या, किती आवडतं. तिथून पुढे बऱ्याच आल्या. माझ्याकडे आली ती ज्या जातीची होती त्यातली प्रसिद्ध म्हणजे कूपर आणि सहकाऱ्यांची १९८७ ची, ३४ प्रश्न, गेल्या चार आठवड्यांत असं कितीदा वाटलं ते विचारते, कधीच नाही ते नेहमी अशी सहा उत्तरं, सगळ्याची बेरीज ३४ ते २०४. एवढे प्रश्न कशाला, एकच विचारा ना सरळ की स्वतःच्या शरीरावर नाराज आहात का, असं मलाही वाटलं होतं. पण एका प्रश्नाला बाई त्या दिवशीच्या मूडप्रमाणे उत्तर देते. चौतीस ठिकाणांहून विचारलं की एखादं उत्तर इकडेतिकडे झालं तरी बेरीज फारशी हलत नाही. दोन आठवड्यांनी परत विचारून साधारण तोच आकडा येतो का हेही बघतात. येत नसेल तर ते माप म्हणजे सैल इलास्टिक, कुठेही ताणा.

आता भाषांतराबद्दल, कारण माझा जीव तिथे अडकलाय. पद्धत अशी असते की एकाने मराठीत करायचं, मूळ न बघितलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत करायचं, आणि दोन इंग्रजी ताडून बघायची. आमचं ते सगळं व्यवस्थित जुळलं. मग लालबागला एका खोलीत सहा-सात बायका जमवून त्यांना एकेक प्रश्न वाचून दाखवला आणि विचारलं, यातून तुम्हाला काय कळलं? आणि तिथे सगळं कोसळलं.

वजन वाढल्याचं आपण किती तऱ्हेने बोलतो बघा. जाड झालीस, सुटलीस, भरलीस, अंग धरलंस, खात्यापित्या घरची दिसतेस, आणि सगळ्यात गोड म्हणजे "तब्येत सुधारली हां तुझी." एका काकूंनी सांगितलं की त्यांना जाड कुणीही म्हणा, चालतं, पण "सुटलीस" म्हटलं की संपतं, कारण त्यात तू स्वतःकडे लक्ष देत नाहीस, आता तुझं काही राहिलं नाही, असा अर्थ येतो. तर आपण प्रश्नात यातला कुठला शब्द घालणार? जाड घातला तर उत्तर एक येणार, सुटलेली घातला तर दुसरं. आणि "तब्येत सुधारली" घातलं तर परत इंग्रजी करणारा माणूस प्रामाणिकपणे लिहिणार, आरोग्यात सुधारणा झाली.

मग तो बसच्या सीटचा प्रश्न आला. असल्या प्रश्नावल्यांमध्ये साधारण असा एक प्रश्न असतो की बसमध्ये वगैरे बसताना आपण फार जागा अडवतोय अशी काळजी वाटली का. ब्रिटनमध्ये एक सीट एका माणसाची, तिथे हा प्रश्न चोख आहे. इथे मी वाचला आणि एक ताई, रोज करी रोडवरून सीएसएमटीला जाणाऱ्या, हसून म्हणाल्या, "अहो मॅडम, चौथ्या सीटवर बसलं की कुणीही जास्त जागाच अडवतं, तिघींच्या बाकड्यावर चौघी, कधी पाचवी पण टेकते. काळजी काय त्यात, जरा सरकून घ्या म्हणायचं." आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. म्हणजे काळजी नसली तरी जागा अडवतेच, म्हणून लेडीज डब्यातली प्रत्येक बाई या प्रश्नाला "नेहमी" म्हणणार आणि बेरजेत गुण पडणार, आणि कागदावर अख्खी मुंबई स्वतःच्या शरीरावर नाराज. हे माप गर्दी मोजत होतं. भाषांतरात एकही शब्द चुकला नव्हता आणि तरी प्रश्न चुकला होता.

आणि रंग! नऊ चित्रं काळ्या रेषांची, ३४ प्रश्न वजनाचे आणि आकाराचे, पण खोलीतल्या दोन मुलींनी सांगितलं की त्यांचं दुखणं वजनाचं नाहीच, ते सावळेपणाचं आहे. लग्नाच्या माहितीपत्रकात "वर्ण" ही ओळ कुणी भरायची आणि काय भरायचं, निमगोरी की गव्हाळ, यावर घरात तासभर चर्चा होते आणि ती मुलगी तिथेच बसलेली असते. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये आलं आणि २०२० मध्ये त्याच्या नावातला फेअर गेला, त्याच वर्षी लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या वेबसाइटनेही रंगाचा फिल्टर काढला, पण प्रश्नावलीत रंगाचा प्रश्नच नसेल तर यातलं काहीही कुठल्याही आकड्यात दिसणार नाही. हनुवटीवरचे केस, डिलिव्हरीनंतरचं पोट, सिझरचा व्रण, काळी पडलेली मान, यांचंही तेच. परदेशातून आलेलं साधन फेकून द्या असं मी म्हणत नाही, कारण तुलना करायला तेच हवं, पण शेजारी आपले प्रश्न जोडल्याशिवाय ते इथे अर्धंच मोजतं.

अशा मापाने काय पकडता येतं याचं सगळ्यात जबरदस्त उदाहरण फिजीचं आहे. ॲन बेकर या संशोधिकेने तिथल्या नाद्रोगा भागात शाळकरी मुलींची पाहणी केली, १९९५ मध्ये, टीव्ही नुकताच आलेला असताना, आणि परत १९९८ मध्ये, घरोघरी टीव्ही बघून झाल्यावर. फिजीत भरलेलं शरीर चांगलं मानायचे, कुणी वाळायला लागलं की लोक काळजी करायचे, आपल्या आज्यांसारखंच, "काय गं, घरी जेवायला घालत नाहीत का?" खाण्याबद्दलच्या प्रश्नावलीत धोक्याच्या रेषेवर गेलेल्या मुली पहिल्या वेळी १२.७ टक्के होत्या, तीन वर्षांनी २९.२ टक्के. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या आणि संख्याही मोठी नव्हती, त्यामुळे सगळा दोष टीव्हीचाच असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण मोजलंच नसतं तर एवढी उडी कुणाला कळलीही नसती, सगळे म्हणाले असते हल्लीच्या पोरींची फॅडं.

आणि ही फॅडं नाहीत. १९९८ च्या एका अमेरिकन प्रयोगात काही मुलींना स्विमसूट घालायला दिला, काहींना स्वेटर, खोलीत एकटंच, समोर आरसा, कुणी बघणारं नाही. मग गणितं सोडवायला दिली. स्विमसूटमधल्या मुलींना कमी गुण पडले. मुलांमध्ये असा फरक पडला नाही. डोक्याचा एक भाग सतत स्वतःकडे बाहेरून बघण्यात खर्च होत असला तर गणिताला उरणार काय? इंटरव्ह्यूला घट्ट कुर्ता घालून गेलेल्या मुलीला हे वेगळं सांगायला नको.

हल्ली उलट्या बाजूनेही मोजतात. टायल्का आणि वुड-बार्कालो यांची २०१५ ची १० वाक्यांची प्रश्नावली आहे, ती विचारते की तुम्ही तुमच्या शरीराचा मान ठेवता का, त्याला काय हवं-नको ते बघता का. नाराजी नसणं आणि आपलेपणा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझी आई परकर बरोबर मापाचा शिवते, पण गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरकडे चल म्हटलं की तीन महिने टाळते.

फॉर्म भरून घेतानाही फार जपावं लागतं. आधी वजनकाट्यावर उभं केलं आणि मग प्रश्न विचारले तर उत्तरं त्या काट्याची येतात, म्हणून आधी प्रश्न, नंतर वजन. आणि एकांत हवा, जो मुंबईच्या दहा बाय बाराच्या खोलीत मिळत नाही. सासूबाई पलीकडे भाजी निवडत बसल्या असतील तर सून सगळ्याला "तसं काही नाही हो" म्हणणार. आम्ही शेवटी कागद बायकांच्याच हातात द्यायला लागलो, वाचता येत नसेल तर चित्रांवर मुकाट्याने खूण करायची. ऑनलाइन क्विझमध्ये एक आकडा येतो आणि पुढे काहीच नाही, त्यावर विसंबू नका, हा आकडा वाचायलाही माहितगार माणूस लागतो. खाणंच सुटलंय, ओकून टाकावंसं वाटतं, आरशापुढून हलता येत नाही, इतकं असेल तर थेट डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

त्या सीटच्या प्रश्नावर आम्ही तीन आठवडे घासाघीस केली. काढून टाकला तर मूळ बेरजेशी तुलना होत नाही, ठेवला तर तो गर्दी मोजतो. शेवटी मूळ प्रश्न होता तसा ठेवला आणि खाली आमचा एक वेगळा जोडला, ज्याचे गुण बेरजेत धरायचे नव्हते: "गाडीत बसायला जागा असूनही, आपण बसलो तर शेजारणीला अडचण होईल असं वाटून तुम्ही उभ्या राहिलात, असं गेल्या चार आठवड्यांत कितीदा झालं?" आणि परत लालबागला गेलो. या वेळी कुणी हसलं नाही. भिंतीला टेकून बसलेल्या एक ताई, ज्या आदल्या वेळी तासभर एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्यांनी कागद जवळ ओढला, "नेहमी"वर खूण केली, आणि पेन परत देताना म्हणाल्या, "दादर ते डोंबिवली. सात वर्षं झाली."